कमळूची पडवी

मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला कमळूचं घर. पडवी लांबलचक आणि बसणारा माणूस एक. बाप बारकू होता तोवर सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून अख्खी आळी औतं-कोयते घेऊन यायची. कोण दांडा तासतोय, कोण दोर वळतोय, कोण नुसताच चुना मागतोय. बारकू गेला. पोरं कारखान्यांत लागली, बैल विकले गेले.

कमळू कल्याणला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन. सत्त्याण्णव साली आटगावच्या माळावर इंजिनिअरिंग कॉलेजची इमारत निघाली. मुलांना मनात येईल ते बनवता यावं, अशी एक कार्यशाळा त्यात हवी होती. कमळूने ती तीनच भिंतींची काढली. उत्तरेची बाजू उघडी.

"चौथी भिंत जेवायला गेली काय रे?" साहेब हसले.

"नाय साहेब, पडवी हाय ती. जानारा-येनारा बघतो, मंग बसतो."

साहेबांना पटलं. कॉलेजवाल्यांनी चोरीच्या धाकाने तिथे शटर तेवढं लावून घेतलं.

कॉलेज सुरू झालं आणि कमळू दर रविवारी आटगावला जाऊ लागला. पडवी भरते ती सुट्टीलाच, हे त्याच्या हाडात बसलेलं. दर वेळी शटर खाली, पायरीवर पाचोळा.

"कोन येत नाय काय?"

"आज कोन येल?" वॉचमन तंबाखू मळत म्हणे.

घरी येऊन तो पडवीत बसे. चूल पेटवायचा कंटाळा आला की नुसता चहा. साहेबांनी दुसऱ्या कॉलेजची कार्यशाळा दिली तेव्हा त्याने गपचूप चार भिंती काढल्या.

शेजारच्या हिराबाईने एकदा हटकलंच. "आयतवारी नटून कुठं जातोस रे? पोरगी बघितलीस काय?"

त्याने सांगितलं. ती पोट धरून हसली. "अरे येड्या, आयतवारी पोरं घरी जानार! त्यांना काय बैल हायत, सुट्टीला औतं नीट करायला?"

कमळूने गुरुवारी रजा टाकली. ठोकाठोकी लांबूनच ऐकू आली. शटर वर. सायकलच्या चाकांवर भात झोडायचं कसलंसं यंत्र उभं राहत होतं.

"पाना कुठाय? खाल्लास काय?"

"तुझ्याच खिशात हाय, बावळटा!"

एक पोरगा पायरीवर नुसताच बघत बसलेला. त्याला कुणीतरी ओढलं, "बसलास काय, धर हे!"

कमळू उघड्या बाजूला मधोमध उभा राहिला. आता कुणीतरी बसा म्हणेल.

चाकाशी वाकलेल्या पोरीने मान वर न करताच म्हटलं, "काका, जरा सरकता? उजेड अडतोय."

कमळू सरकला. थोडा वेळ थांबला, मग स्टेशनकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या कॉलेजच्या नकाशातली उत्तरेची भिंत खोडून टाकली. संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले. पडवीत रोजच्यासारखा मधोमध न बसता, कडेला जागा सोडून बसला.