पाण्याच्या लॅबमधले उन्हाळी ट्रेनी

दुबई सोडली तेव्हा बावीस वर्षांचा संसार कार्गोच्या नऊ खोक्यांत मावला. किस्से मात्र कुठल्याच खोक्यात मावले नाहीत, ते तोंडातच घेऊन आले. आता ठाण्याला मैत्रिणी चहाला जमल्या की मी एक सांगते आणि त्याच्या मागून दुसरा येतो. हसवणारे लवकर संपतात, हाच त्यातला वैताग!

मी सरकारी पाण्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. नव्वदीच्या दशकात दर उन्हाळ्यात आमच्याकडे सायन्सची कॉलेजची मुलं सहा आठवडे ट्रेनिंगला यायची. बहुतेक तिथलीच अरबी, दोन-चार आपली. आपली म्हणजे तिथे जन्मलेली आणि बारावीनंतर पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली. सलग सहा महिने यूएईबाहेर राहिलं की तिथला व्हिसा रद्द, म्हणून सुट्टी लागली रे लागली की बापडी धावत परत यायची. आम्ही राहायला दुबईशेजारच्या शारजाला, तिथल्या आमच्या बिल्डिंगमधल्या साठ्यांचा निनाद त्यातलाच.

*

पहिल्या वर्षी निनादने फॉर्म भरून माझ्या हातात दिला. 'ट्रेनिंग संपल्यावर कुठल्या देशात परतणार?' या रकान्यात पठ्ठ्याने लिहिलं होतं, यूएई!

"अरे राजा, इथे इंडिया लिहायचं."

"But Aunty, I *go* to India. I come *back* here!"

मी त्याच्याच हाताने ते खोडायला लावलं आणि इंडिया लिहून घेतलं. तेव्हा मी खूप हसले होते. आज तो कागद समोर आला तर बघवणार नाही.

*

त्याच्या टेबलावर हमद नावाचा तिथलाच मुलगा होता. पाण्याचा कठीणपणा मोजताना औषध थेंबाथेंबाने सोडायचं असतं, रंग बदलला की थांबायचं. हमद दर वेळी भसकन ओतायचा. मग निनाद अस्सल अरबीत त्याची खरडपट्टी काढायचा आणि हमद हिंदीत माफी मागायचा, "सॉरी भाई, गलती हो गया!"

आमचे मुख्य अबू खालिद दारात उभे राहून बघत. एकदा मला म्हणाले, "मॅडम, यातला तुमचा कुठला आणि आमचा कुठला?"

मी म्हटलं, "सर, पासपोर्ट बघून सांगते!"

*

दुसऱ्या उन्हाळ्यात अल क्वोजच्या लेबर कॅम्पात पाण्याचे नमुने घ्यायला मी निनादला बरोबर नेलं. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून नांदेडकडचा एक गवंडी आंघोळ अर्धी टाकून आला. पंचा तसाच, अंगाला साबण!

"गाव कोणतं, भाऊ?"

"शारजा," निनाद म्हणाला.

गवंडी हसला. "ते नोकरीचं गाव झालं. घर कुठंय?"

निनादने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून बाटलीचं बूच घट्ट लावत बसला. ते आधीच घट्ट होतं.

*

साठे भावजी रास अल खोरच्या एका गोदामात सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर. साठ वर्षं झाली की कंपनी रिटायर करणार आणि नोकरीबरोबर सगळ्या घराचा व्हिसा जाणार. आम्ही बिल्डिंगवाल्यांनी हौसेने साठीशांत करायचं ठरवलं, गुरुजीसुद्धा शोधले. साठे वहिनी म्हणाल्या, "नको हो. आपल्याकडे साठीला औक्षण करतात, इथे पासपोर्ट मागतात."

राहायचा मार्ग एकच होता, निनादला स्वतःची नोकरी आणि तिच्यावर आईवडिलांचा व्हिसा. तो शेवटच्या वर्षाला होता आणि आमच्याकडे ज्युनिअर केमिस्टची जागा निघाली होती. डिसेंबरच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने त्या जागेचा अर्ज दिला आणि असावा म्हणून पुढच्या उन्हाळ्याचा ट्रेनिंगचा फॉर्मही भरून ठेवला. अबू खालिदांनी शिफारसपत्र स्वतः लिहिलं. आजवर इतका चांगला हात पाहिला नाही, असं लिहिलं. मी विचारलं, "होईल ना सर?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले. पण नेहमीसारखं मोठ्याने नाही.

*

फेब्रुवारीत वरून उत्तर आलं. जागा हमदला मिळाली.

त्यांच्या देशात त्यांच्या मुलाला आधी नोकरी, यात चूक काय? आपण तरी वेगळं काय केलं असतं? मला हे तेव्हाही पटलं होतं. पटूनही घरी जाऊन ओट्यापाशी उभी राहून रडले.

हमद माझ्याकडे आला. "मॅडम, मैंने बोला, उसको दे दो. मेरे को उससे अच्छा नहीं आता." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुण्याला निनादला फोन मीच केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "Aunty, tell Hamad to go slow. Drop by drop."

*

मार्चमध्ये साठे मंडळी कायमची भारतात परतली. निनादचाही व्हिसा त्यांच्याबरोबरच रद्द झाला.

जूनमध्ये नवे ट्रेनी आले. पहिल्या दिवशी अबू खालिद स्वतः हजेरी घेत. यादी डिसेंबरातल्या फॉर्मांवरून टाइप झालेली, त्यातून एक नाव काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आठ-दहा मुलं भिंतीला टेकून उभी. ते आपले एकेक नाव वाचत चालले होते.

"निनाद साठे."

वाचलं आणि तसेच थांबले. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला.

"हाजिर, सर."

हमद उभा राहिला होता. अंगात लॅबचा कोट, छातीवर स्वतःच्या नावाचा बिल्ला.

अबू खालिदांनी त्याच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, नावापुढे टिक केली आणि पुढचं नाव वाचलं.