इनचार्ज बाई आणि माझी प्रश्नावली

आमच्या कोल्हापुरात समतेचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही. सोसायटीचं उद्घाटन असो नाहीतर कुस्तीचं मैदान, वक्ता माईकपुढं उभा राहिला की पहिल्या दोन वाक्यांत समता आलीच. लहानपणापासून ऐकत आल्यामुळं मला वाटायचं, ही बाई आमच्या गावात कधीचीच घर करून राहिली असणार. हा गैरसमज दूर व्हायला मला एम.एड. करावं लागलं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी शहरातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझी जीभ तिखट आहे यावर सासर आणि शाळा या दोन्हीकडं एकमत होतं. प्रबंधासाठी विषय घेतला, 'माध्यमिक शाळांतील मुख्याध्यापकांचे नेतृत्व आणि समान संधी'. मार्गदर्शक प्राध्यापक सज्जन माणूस. वाचन अफाट, पण खेड्यातल्या शाळेची पायरी बहुधा चढलेले नव्हते. त्यांनी इंग्रजीतून भाषांतर केलेली एक प्रश्नावली माझ्या हातात ठेवली. तिच्यात एक वाक्य होतं, 'मुख्याध्यापक शिक्षकांना कॉफीपानास आमंत्रित करतात.' मी म्हटलं, "सर, आमच्या शाळांत चहा येतो, तोही टपरीवरनं, आणि तो कुणी सांगायचा यावर वाद होतात. निदान कॉफीचा चहा करू या." सर म्हणाले, "प्रश्नावली प्रमाणित आहे. एक शब्द बदलता येणार नाही." मग मी ती कॉफी घेऊन गावोगाव फिरायला लागले.

अशीच एकदा एस.टी.नं मुरगूडच्या बाजूच्या एका गावात गेले. खाजगी संस्थेची शाळा. मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले तर समोर भली मोठी हाताची खुर्ची, पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल, आणि खुर्ची रिकामी. टेबलाच्या आखूड बाजूला, वर्गात असते तसल्या साध्या लाकडी खुर्चीवर पंचेचाळिशीच्या एक बाई हजेरीपटावर सह्या करत बसलेल्या.

"मुख्याध्यापक कुठं भेटतील?" मी विचारलं.

"बोला की. हितलं मीच बघते."

माझी नजर त्या टॉवेलाकडं गेली. बाईंनी ती बरोबर ओळखली.

"ती मुख्याध्यापकांची. मी इनचार्ज."

हळूहळू सगळं कळलं. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा बाई सगळ्यांत ज्येष्ठ होत्या, म्हणून 'व्यवस्था होईपर्यंत' शाळा त्यांच्याकडं सोपवली. व्यवस्था काही होईना. वर्षांमागून वर्षं गेली. पहिल्याच दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन सांगितलं होतं, "बाई, तुम्ही हिकडं कडंला बसा." तेव्हापासून त्या कडेलाच बसत होत्या. इनचार्जनं त्या खुर्चीत बसू नये असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण शिपाई रोज सकाळी ती पुसायचा आणि टॉवेल झटकून परत घालायचा. नसलेल्या माणसाची एवढी बडदास्त, आणि असलेल्या बाईला पाठ टेकायला धड जागा नाही! मला त्या टॉवेलाचा असा राग आला की तो उचलून फळा पुसायला द्यावा.

बाई गावातल्या मुसलमान कुटुंबातल्या. वडील भांड्यांना कल्हई करायचे. ही मुलगी शिकली, बी.एड. झाली आणि आपल्याच गावच्या शाळेत लागली. बोलणं रोखठोक, आवाज असा की दहावीचा वर्ग दोन भिंतींपलीकडनं गप्प व्हायचा. मुली सातवीनंतर शाळा सोडतात, कारण वाडीवर पोचेपर्यंत अंधार होतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी शाळा भरायची आणि सुटायची वेळच अलीकडं ओढली. शहरातनं येणाऱ्या मास्तरांनी कुरकुर केली, तर म्हणाल्या, "तुमची एस.टी. चुकली तर तुम्ही दुसरीनं जाता. पोरीची शाळा चुकली की तिचं लगीनच हुतं."

पण अध्यक्षांच्या डोळ्यांत खुपत होतं ते वेगळंच. व्हरांड्यात पाण्याचा डेरा होता. पूर्वी काही मुलं स्वतःच्या हातानं पेला बुडवून पाणी घ्यायची, आणि काही मुलांच्या ओंजळीत शिपाई वरून धार धरायचा. कोण कुठली मुलं, हे सांगायची गरज नाही. बाईंनी इनचार्ज झाल्यावर पाळी लावली. हजेरीच्या क्रमानं रोज एका मुलानं किंवा मुलीनं डेरा भरायचा आणि दिवसभर सगळ्यांना त्याच पेल्यानं पाणी द्यायचं. सुरुवात शिक्षकांपासून. पहिला पेला बाई सगळ्यांदेखत प्यायच्या. काही घरांतनं पोरं घरच्या पाण्याचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या घेऊन येऊ लागली. बापलोक तक्रार घेऊन आले. बाई म्हणाल्या, "घरचं पाणी खुशाल द्या. पर पाळी तुमच्या पोराचीबी येणार. त्या दिशी त्यानं समद्यांना पाणी द्यायचं, आणि कुणाला वरनं धरायचं न्हाई." कुणी पोरगं काढून नेलं नाही. तांब्येही हळूहळू कमी झाले.

मी ती पाळी डोळ्यांनी पाहिली. बसल्या बसल्या माझी सगळी प्रश्नावली चाळली. त्यात पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कॉफी तेवढी होती.

निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात संस्थेची मिटिंग हाय. कायमचा मुख्याध्यापक नेमायचाय."

"मग तुम्हीच की. ज्येष्ठ तुम्ही, शिकलेल्या तुम्ही."

"खुर्चीचं मला काय न्हाई हो. पर इनचार्जचा शब्द म्हंजे तात्पुरता. उद्या दुसरं कोण आलं की पाळी पहिल्या दिशी बंद. माझी ऑर्डर निघाली तर रिटायर हुईस्तोवर तरी कुणी हात लावणार न्हाई. तेवढ्यात आठ-दहा वर्गांना सवय लागंल, मग बंद करायला गेलं तर पोरंच ऐकायची न्हाईत."

विद्यापीठातनं कुणी बाई येऊन गेल्याचं अध्यक्षांच्या कानावर गेलंच. त्यांचा निरोप आला, मिटिंगला या आणि तुमच्या संशोधनात काय दिसलं ते सभासदांना सांगा. मी हरखले. एकदाचा एम.एड.चा काहीतरी उपयोग होणार होता.

मिटिंग रविवारी शाळेतच होती. अध्यक्ष दिलखुलास, धिप्पाड गृहस्थ. मला बघताच म्हणाले, "या पावणं, बसा. च्या घ्या की." चहा खरंच आला, आणि तो कुणाच्या देखरेखीखाली आला ते व्हरांड्यात डोकावल्यावर दिसलं. विषय स्वतःच्या नेमणुकीचा म्हणून बाईंना आत बसायची बंदी, पण कपबशा मोजायला बंदी नव्हती.

मी बोलले, आणि चांगली बोलले. मुलींची गळती कशी थांबली, शिक्षक वेळेवर कसे येतात, पाण्याची पाळी कशी चालते, आणि मी फिरले तेवढ्या शाळांत अशी शाळा दुसरी पाहिली नाही. सभासद माना डोलवत होते. माझं संपल्यावर अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली.

"बघा! विद्यापीठानं सांगितलं, शाळा झकास चाललीया. मग बदल कशाला? बाई हायतच की सांभाळायला. मुख्याध्यापक म्हणून आपल्या पुतण्याला घिऊ. पोरगं नवीन हाय, बाई त्याला तयार करतील."

मला वाटलं, माझे कान वाजताहेत. मी म्हटलं, "अहो, शाळा चांगली चालली ती त्यांच्यामुळं! आणि ज्येष्ठता त्यांची आहे. नियम आहे तसा."

"नियम हाय, कोण न्हाई म्हणतंय? त्यांच्याकडनं लिहून घिऊ की. जबाबदारी नको म्हणून."

"आणि त्यांनी नाही लिहून दिलं तर?"

एक सभासद खिडकीतनं डेऱ्याकडं बघत म्हणाले, "बाईंना पाण्याची लई काळजी हाय. ते चालू ठिवायचं का न्हाई, संस्थेनं अजून ठरवल्यालं न्हाई." आणि सगळे हसले. खेळीमेळीत. जणू कुणाच्या तरी बारशाला जमले होते.

आज इतकी वर्षं झाली तरी ते हसू आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. एकानंही आवाज चढवला नाही, एकानंही बाईंना वाईट म्हटलं नाही. उलट कौतुकच केलं. जी बाई शाळा चालवते तिला शाळा द्यायची नाही, आणि का, तर ती दिली नाही तरी चालवेलच! शिवाय या लोकांच्या हातात बाईंचं कौतुक मीच नेऊन दिलं होतं, विद्यापीठाचा शिक्का मारून. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "ही लबाडी आहे." अध्यक्ष म्हणाले, "पावणं, च्या गार हुतोय."

बाईंना आत बोलावलं. कागद तयारच होता. 'वैयक्तिक अडचणींमुळे मी मुख्याध्यापकपदाची जबाबदारी स्वीकारू शकत नाही.' मी ओरडले, "सही करू नका बाई. आपण शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊ. मी येते तुमच्याबरोबर." बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. अध्यक्षांना विचारलं, "पाळी चालू ऱ्हाणार?" ते म्हणाले, "आमचा शब्द हाय." बाईंनी सही केली.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, "असल्या माणसांच्या शब्दावर तुम्ही हक्क सोडलात?"

"तुम्ही अधिकाऱ्याकडं जाणार, तो तारीख देणार," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी डेरा कोण भरणार, ते मला आज ठरवायचं हुतं."

महिनाभरात पुतण्या हजर झाला. मी सरांना सांगितलं की त्या शाळेची माहिती मी इनचार्ज बाईंकडून घेणार. सरांनी नकारार्थी मान हलवली. नमुन्यात फक्त कायम मुख्याध्यापक धरायचे, असं ठरलेलं होतं. इनचार्ज हा मुख्याध्यापक नव्हे. म्हणजे जिनं शाळा उभी केली ती संशोधनात बसत नव्हती, आणि ज्याला अजून वर्गांची दारं ओळखू येत नव्हती तो बसत होता. मी भांडले. सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही व्यक्तीत गुंतता आहात."

गेले परत. पुतण्या त्या मोठ्या खुर्चीत बसला होता. पोरगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. हसतमुख होता, अदबीनं बोलत होता. प्रश्नावली पुढं ठेवल्यावर गांगरला आणि त्यानं सरळ बाईंना हाक मारली. "बाई, जरा सांगा की, काय लिवू?"

बाई आल्या, कडेच्या खुर्चीवर बसल्या आणि एकेक उत्तर सांगू लागल्या. शिक्षकसभा कधी होते, ग्रंथालय कसं चालतं, गैरहजर मुलांच्या घरी कोण जातं. तो लिहून घेत होता. मी दातओठ खात समोर. शेवटी प्रश्न आला, 'सर्व विद्यार्थ्यांना समान वागणूक मिळावी म्हणून आपण काय केले आहे?' त्यानं पेन वर उचललं आणि बाईंकडं बघितलं.

मला वाटलं, आता तरी बाई म्हणतील, तुमचं तुम्ही लिहा. बाई म्हणाल्या, "लिवा. शाळेत पाण्याची पाळी आहे. ती मी चालू ठेवली आहे, आणि माझ्या कारकिर्दीत बंद करणार नाही."

त्यानं निमूट लिहिलं.

"खाली सही करा. शाळेचा शिक्काबी मारा. विद्यापीठात जाणार हाय ते."

शिक्का बसला. बाईंनी कागद उचलून शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "आता ह्यांच्या चुलत्यांनी काय बी ठरवू दे." मग आठवीच्या तासाला निघून गेल्या. त्या पुढं निवृत्त झाल्या त्याही सहशिक्षिका म्हणूनच.

सरांनी त्या उत्तराला पाचपैकी पाच गुण दिले. माझ्या सगळ्या नमुन्यात तेवढं एकच तसं होतं. कागद पुन्हा पुन्हा वाचून ते खूश झाले आणि म्हणाले, "पाहा. असा मुख्याध्यापक प्रत्येक शाळेला मिळाला पाहिजे."

मी म्हटलं, "मिळाली होती, सर. तिच्याकडनं 'नको' म्हणून लिहून घेतलं."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या शाळेचा कागद ओढला.