मुलगी येईपर्यंत

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी नांदेडमध्ये एक शिक्षक राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका होता. ते भोकरच्या शाळेत गणित शिकवत आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करत. एकुलती एक मुलगी लातूरला क्लासला होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, तिचा मेडिकल प्रवेशाचा पेपर होता.

डॉक्टर दाखला लिहून गेल्यावर शिक्षकांचे धाकटे भाऊ माझ्या मामांच्या दुकानात आले. ते विष्णुपुरीला सरकारी नोकरीत होते. दुकान अंत्यविधीच्या सामानाचे. मी एका दैनिकात काम करत असे आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात बसत असे, म्हणून पुढचे सगळे मला जवळून दिसले.

"दुपारपर्यंत उरकायचं आहे," ते म्हणाले. "सामान लगेच पाठवा."

मामांनी बांबूकडे हात नेला नाही. "कोन कोन यायचं राहिलंय?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही."

"लेकरं?"

"एक मुलगी आहे. तिला कळवायचं नाही. उद्या पेपर आहे तिचा."

कोण यायचे राहिले, हा प्रश्न मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. ती सवय भूकंपाच्या वर्षीची. किल्लारीकडची गावे पडली तेव्हा ते कापड आणि लाकूड भरून ट्रक घेऊन गेले आणि बरेच दिवस तिथेच राहिले. मी तेव्हा नुकताच वार्ताहर झालो होतो आणि त्याच ट्रकमधून गेलो होतो. पाऊस लागला होता. प्रेते थांबवणे शक्य नव्हते, त्यामुळे एकेका चितेवर अनेकांना अग्नी दिला गेला. पुण्याला, मुंबईला कामाला असलेले लोक नंतर येऊन पोचू लागले. पुण्याहून आलेला एक जण मामांना सारखा विचारत होता, की हिरव्या लुगड्यातली म्हातारी तुम्ही झाकली का, तिचा चेहरा कसा होता. मामांना आठवेना. त्यांनी त्या दिवसांत फार जणांना झाकले होते. तो माणूस दोन दिवस त्यांच्या मागे होता. परत आल्यावर मामांनी दुकानात हा प्रश्न सुरू केला, आणि उत्तर मिळेपर्यंत ते तिरडी बांधायला घेत नसत.

दुकानात हिंदूंचे सामान होते, लिंगायतांचे प्रेत बसवून न्यायचे लाकडी विमान होते आणि कफनाचे कापडही होते. बाहेर दोन बाकडी होती. दाखला कुठे मिळतो, लाकडाला कुणाला सांगायचे, दहाव्याला गुरुजी कोण, हे विचारायला लोक तिथे येऊन बसत. काहींचा विधी उरकलेला असे, तरी येत. मामा चहा सांगत आणि आपले काम चालू ठेवत.

पुढे प्रेत ठेवायची शीतपेटी आली. शेजारच्या गाळ्यात फ्रीज दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी जुने यंत्र आणून ती स्वतः बनवली होती, वर काचेचे झाकण. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "या मानसानं कुल्फीचं मशीन मोडून माझी पेटी केली." चाचा म्हणत, "कुल्फीवाला रोज तक्रार घेऊन यायचा, शेठ. तुमचं गिऱ्हाईक एकदाबी आलं नाही." लातूरचे क्लास वाढले तशी पेटीची मागणी वाढली. घरात माणूस जाई तेव्हा पोरे लातूरला, पुण्याला, हैदराबादला असत.

त्या शनिवारी मामांनी सामानाच्या आधी पेटी पाठवली. मी आणि चाचा ती घेऊन गेलो. चाचांनी भिंतीतल्या बोर्डाला मीटर लावून पाहिले. "लाइट लई डाऊन हाय इथली. स्टॅबलायझरबिगर मशीन उचलणार नाही," ते म्हणाले आणि जीपमधून स्टॅबलायझर आणि छोटा जनरेटर आणायला गेले. मामा मागून आले. शिक्षकांना पेटीत ठेवल्यावर वाद सुरू झाला.

मुलीच्या काकांचे, म्हणजे त्या धाकट्या भावाचे, म्हणणे साधे होते. मागच्या वर्षी मुलीचा प्रवेश थोडक्यात हुकला होता. दुसऱ्यांदा बसण्यासाठी ती वर्षभर लातूरलाच होती. "दादाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं," ते म्हणाले. "आज सांगितलं तर ती उद्या काय लिहिणार आहे? पेपर झाला की मीच सांगतो. शिव्या खायला मी तयार आहे." शेवटच्या आठवड्यात हॉस्टेलने मुलींचे फोन जमा करून घेतले होते. काकांनी सकाळीच रेक्टरबाईंना फोन करून बजावले होते, की कोणाचाही निरोप तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

मामांनी मधला मार्ग काढला. "आज जाळू नका. पेटीत ऱ्हाऊ द्या. उद्या पेपर सुटला की लेकीला आणू. तोंड बघंल, मग परवा उरकू. दोन्ही होतंय."

"उद्यापर्यंत लोक थांबणार आहेत का, मामा? बाहेर बघा किती जमलेत."

"लोकाला काय, घरी जाऊन जेवतील. परत येतील."

माझ्या फोनवर तोवर शिक्षकांचा फोटो आला होता. शाळेतल्या कोणीतरी टाकला होता, खाली श्रद्धांजलीचे शब्द होते. मी तो काकांना दाखवला.

"तिचा फोन जमा आहे," ते म्हणाले.

"तिचा आहे," मी म्हणालो. "इतरांच्या आईवडिलांचे नाहीत."

पेपरच्या आदल्या दिवशी पालक लातूरला पोचतात. लॉजमध्ये उतरतात, मुलांना भेटतात, परीक्षा केंद्र बघून येतात. भोकरची बरीच मुले त्याच गल्लीतल्या हॉस्टेलांत होती आणि त्यांतली काही याच शिक्षकांच्या हाताखालून गेली होती. संध्याकाळपर्यंत त्यांच्यापैकी कोणाच्या तरी आईच्या तोंडून बातमी फुटणार होती.

शिक्षकांच्या पत्नी पेटीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या मूळच्या उदगीरकडच्या.

"आज संध्याकाळी आम्ही दोघं जाणार होतो," त्या म्हणाल्या. "तिला यांनी कबूल केलं होतं. यांच्या जागी कोन जाऊन उभं ऱ्हाणार हाय? अन् काय सांगणार?"

"शाळेचं काम निघालं म्हणू, वहिनी."

"भाऊजी, खोटं बोलून तिला पेपरला बसवलं, तर उद्यापासून ती माझ्याकडं बघंल का?" त्या उठल्या. "मी जाते लातूरला."

बायकांमध्ये गलका झाला. प्रेत घरात असताना बाईने उंबरा ओलांडायचा नसतो, असे एकीने सांगितले. दुसरी म्हणाली, "जातेस तर जा, पन कुंकू हाय तवर पोरीला कळायचं न्हाई. बाबा आजारी हायत म्हन. घरी आल्यावर कळू दे." कुंकू प्रेत उचलल्यावर पुसतात, त्यामुळे ते अजून कपाळावर होते. शिक्षकांच्या पत्नींनी पदर खोचला आणि चप्पल शोधली. काका दारात उभे होते. त्यांनी वाट अडवली नाही, पण हललेही नाहीत. त्या अंग चोरून बाजूने बाहेर पडल्या.

दुकानाच्या गाडीवर "वैकुंठ रथ" असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ती हॉस्टेलपुढे नेण्यासारखी नव्हती, म्हणून चाचांची जीप काढली. मामा पेटीजवळ बसले. निघताना चाचांनी त्यांना तीनतीनदा बजावले, "लाइट गेली तर जनरेटरचा खटका आधी, मग पेटीचा. उलटं करू नका, शेठ."

"जा आता. मला शिकवू नको."

"शिकवलं नाही म्हणूनच मागं फ्यूज उडवला होता तुम्ही."

मी चाचांशेजारी बसलो, शिक्षकांच्या पत्नी मागे बसल्या. अहमदपूरला चाचांनी हॉटेलपुढे जीप उभी केली आणि चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी आले. "बहेनजी, दोन घोट."

त्यांनी कप घेतला. "पिऊन घेते. तिच्यापुढं चक्कर यायला नको."

लातूरच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना हॉस्टेले होती. खांबांवर आदल्या वर्षी प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचे फोटो लावले होते. सावलीत पालक उभे होते. हॉस्टेलच्या ऑफिसात रेक्टरबाईंनी सांगितले, की मुलींची भेट सहानंतर.

"मी तिची आई हाय."

"ताई, फॉर्मवर वडिलांच्या खाली तिच्या काकांचं नाव आहे. त्यांनी सकाळीच सक्त सांगितलंय. उद्या पेपर आहे, आम्हालाही जबाबदारी असते."

"तिचे वडील गेलेत सकाळी," शिक्षकांच्या पत्नी म्हणाल्या. "काकांना फोन लावायचा तर लावा. मी तिला घेऊन जाणार हाय."

रेक्टरबाईंनी फोन उचलला. नंबर न लावताच खाली ठेवला आणि स्वतः जिना चढून वर गेल्या.

मुलगी हातात पेन घेऊनच खाली आली. आईला बघून हसली. "लवकर आलात? बाबा कुठंयत, बाहेरच थांबलेत का?"

"बाबा गेले," आई म्हणाली. "सकाळी. छातीत दुखलं अन् गेले. घरी हायत."

मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. आई तिच्याजवळ गेली, पण तिला धरले नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी मोठ्याने सूत्रे पाठ करत होते.

"जाळलं का?" मुलीने विचारले.

"न्हाई. तू येईपर्यंत ठेवलंय."

"आणि उद्या?"

"उद्याचं तुझं तू ठरव. बस बी म्हणणार न्हाई अन् बसू नको बी म्हणणार न्हाई."

मुलगी वर गेली. बराच वेळ लागला. रेक्टरबाईंनी आईला खुर्ची दिली आणि पंखा लावला. मुलगी खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि खांद्यावर पिशवी होती. हातातल्या प्लास्टिकच्या पाकिटात तिचे हॉल तिकीट होते.

परतीच्या वाटेवर ती आईच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. अहमदपूर ओलांडल्यावर उठून बसली.

"चाचा, पेटीत टेंपरेचर किती असतं?"

चाचांनी आरशात पाहिले. "दोन-तीन डिग्री, बेटा. बर्फ जमू देत नाही मी. चेहरा जैसे का वैसा राहतो."

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे. आमचे शेठ बसलेत तिथं. फ्यूज उडवतात, पण उठून जात नाहीत."

ती परत आईच्या मांडीवर आडवी झाली.

दिवस मावळताना आम्ही नांदेडला पोचलो. अंगणात माणसे थांबलेली होती. शेजारच्या घरांतून भाकरी आणि पिठले आले होते, काही जण कडेला बसून जेवत होते. मामांनी मुलीला वाट करून दिली आणि काचेचे झाकण पूर्ण उचलून भिंतीला टेकवले. तिने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

"केवढे थंड आहेत."

"ती पेटीची थंडी हाय," मामा म्हणाले. "त्यांची न्हाई."

तिने पुन्हा हात ठेवला. या वेळी तो बराच वेळ तिथे राहिला. मग ती मोठ्याने रडली, आणि आईही सकाळपासून पहिल्यांदा रडली. मामा झाकण धरून उभे होते. कोणी मायलेकींना घाई केली नाही.

सूर्य मावळला होता, म्हणून प्रेत रविवारी सकाळी न्यायचे ठरले. काका दुपारपासून ओट्यावर बसून होते. वहिनींशी ते बोलले नव्हते. मुलगी तोंड धुऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"काका, उद्या मला कोण सोडणार?"

"कुठं?"

"पेपरला."

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग घरात पाहिले. "मी सोडतो," ते म्हणाले. "घाटावरून आल्याबरोबर निघावं लागेल. अभ्यासाचं काही आणलंस का?"

"मला येतं सगळं."

रविवारी उजाडताच मामांनी तिरडी बांधली. बांधताना त्यांनी मुलीला विचारले, "झालं का बघून?" तिने मान हलवली, तेव्हा त्यांनी चेहऱ्यावर कापड ओढले. घाटावर काकांनी अग्नी दिला. घरी येऊन सगळ्यांनी अंघोळी केल्या. काकांनी ओल्या केसांनीच गाडी काढली. मुलगी पुढच्या सीटवर बसली. आईने तिच्या हातात पाण्याची पारदर्शक बाटली दिली आणि गाडी निघाल्यावर आई दारातून आत वळली.

चाचांनी पेटी पुसून दुकानात परत आणली. दुपारी मी बाकड्यावर बसून शिक्षकांची निधनवार्ता लिहीत होतो तेव्हा दुकानाचा फोन वाजला. लातूरहून काका बोलत होते. परीक्षा केंद्राचे गेट बंद झाले होते. मुलगी आत होती.