पान लागलं

मला विचाराल तर वेब ॲप्लिकेशनमधली सगळ्यात भिववणारी गोष्ट म्हणजे हिरवा रंग. तांबडा दिसला की माणूस दोनदा चौकशी करतो. हिरव्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि तो हिरवा रंग कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पिता पिता लावलेला असतो. आमच्या तालुक्यात तो मी लावला होता, शिळफाट्याच्या माझ्या घरात बसून.

काम छोटं होतं. तालुक्यातल्या काही डॉक्टरांना वाटत होतं, की साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन आज कुठल्या दवाखान्यात आहे ते लोकांना फोनवर दिसावं. दहा-बारा दवाखाने, प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका. तिथल्या सिस्टरनी रोज सकाळी साठ्याबद्दल दोन शब्द लिहायचे, त्यावरून माझा प्रोग्राम ठिपक्याचा रंग ठरवणार.

सिस्टरना मी बटणं दिली नाहीत, एक रिकामा चौकोन दिला. लोकांना आपल्या शब्दांत लिहू द्यावं, असं माझं तेव्हा फार मोठं मत होतं. खरं सांगायचं तर बटणं करायचा कंटाळा आला होता. लिहिलेल्यात कुठेही ‘नाही’ सापडलं तर तांबडा, नाहीतर हिरवा, एवढाच नियम मी घातला. मग स्वतःच ‘आहे’, ‘नाही’, ‘साठा नाही’ असं लिहून पाहिलं. सगळं बरोबर आलं. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी, ‘नाही’ला आम्ही ‘नाही’च म्हणतो. या जगात आणखी कोणी काही म्हणत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शिळफाट्याच्या बाजारात एक भाजीवाली बसते, लोधिवलीची. तिच्या फोनवर मी ठिपक्यांचं हे पान उघडून दिलं होतं. रेंजच्या नावाने तिकडे बोंब, त्यामुळे ती दर खेपेला कुरकुरायची, “ताई, तुमचं पान लागत नाय.” फोन लागत नाही, तसं पान लागत नाही.

एका दुपारी तिचा फोन आला.

“ताई, पान लागलं.”

“लागलं ना एकदाचं?” मी खुशीत म्हटलं. “ठिपके दिसतायत का?”

ती म्हणाली, “ताई, माज्या जावंला पान लागलं. गवत कापताना. पायाला.”

सापाचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून आमच्याकडे पान लागलं म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण इतके दिवस मी त्या कामात बुडालेली, माझ्या लेखी पान म्हणजे फक्त माझं पान.

“रिक्षा आलीय,” ती म्हणाली. “माजं पान आता उघडत नाय. कुटं नेऊ, तेवडं सांगा.”

मी पाहिलं. डोंगराच्या बाजूचा दवाखाना सगळ्यात जवळ, आणि ठिपका हिरवा. “तिकडेच न्या,” मी सांगितलं. हे वाक्य प्रोग्रामने नाही, मी उच्चारलं.

फोन ठेवल्यावर, सकाळची नोंद झाली होती ना, एवढंच बघायला मी आतला तक्ता उघडला. सिस्टरनी आठ वाजता लिहिलं होतं: “इंजेक्शन नाय. सोमवारी येनार.”

नाय. माझा प्रोग्राम ‘नाही’ शोधत बसला, तो त्याला सापडला नाही, म्हणून त्याने हिरवा ठिपका लावला. त्या बाईला मी पनवेलच्या मोठ्या दवाखान्याच्या बरोबर उलट्या दिशेला धाडलं होतं. भाजीवालीला फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. चौथ्या खेपेला मी तो आवाज ऐकत रडायला लागले.

मग सिस्टरना लावला, झालं ते सांगितलं. त्या भडकल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. “नाय म्हणून लिवलंय ना मी? तुमाला वाचता येत नाय का?” पण लगेच म्हणाल्या, “थांबा. शिपायाला मोटरसायकल देऊन आमच्या दवाखान्याच्या फाट्यावर उबा करते. तितूनच वळवू रिक्षा.”

पुढचे दोन तास मला काहीच कळलं नाही. मी फक्त एक केलं, सगळे ठिपके तांबडे करून टाकले. मग खुर्चीत बसून राहिले. ती मेली तर ती सापाने मेली असं सगळे म्हणतील, माझं नावही निघणार नाही, हे मला कळत होतं आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. रिक्षा फाट्यावर अडवली होती, पनवेलला इंजेक्शन मिळालं होतं. “बोलतीय आता,” भाजीवाली म्हणाली. “पाय लय सुजलाय.”

त्यानंतर मी बटणं केली, दोनच, मोठी. सकाळी दहापर्यंत कोणी काही दाबलं नाही तर ठिपका आपोआप तांबडा. नोंद किती वाजताची तेही शेजारी दिसतं. कोणी नवीन माणूस काम शिकायला विचारतो तेव्हा मी हेच सांगते: न कळलेल्या उत्तराला कधी हिरवा रंग देऊ नका, आणि तुमचं काम तुमच्या घरच्या भाषेत तपासून खूश होऊ नका. ऐकणारे मान हलवतात. मीही हलवली असती.

महिन्याभराने बाजारात भाजीवालीच्या शेजारी एक बाई बसलेली दिसली, पट्टी बांधलेला पाय गोणपाटावर पसरून. जाऊच ती. तिनेच विचारलं, “ताई, आता तुमच्या पानावर इस्वास ठेवायचा ना?”

सगळं मी शंभर वेळा तपासलं होतं. तरी ‘हो’ म्हणवलं नाही.

“नाय,” मी म्हटलं. “आधी दवाखान्यात फोन करायचा.”

“बरं,” ती म्हणाली. तिला ते पहिल्या फटक्यात कळलं.