पापड हातात धरून

शेजारच्या सिंधी घरात संध्याकाळी पापड भाजला की वास थेट माझ्या खोलीत येतो. मी खिडकी लावून घेतो, तरी तो येतोच. सुमन जाऊन वर्ष होत आलं.

लग्नानंतर मी तिला उल्हासनगर कॅम्पात, कारखान्यातल्या माझ्या सिंधी मित्राच्या बराकीत नेलं होतं. पन्नास-एक्कावन्न साल असेल. त्याच्या आईने त्यांच्या रीतीप्रमाणे पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. आमच्याकडे पापड म्हणजे जेवणाच्या ताटातला. सुमन बिचारी तो हातात धरून बसून राहिली.

"खाओ बेटी," म्हातारी म्हणाली.

सुमन माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, आधी भात तर येऊ दे!"

मला हसू आवरेना.

पुढे जन्मभर, मी कामावरून अंबरनाथच्या घरी आलो की ती पाणी आणि पापड हातात द्यायची नि म्हणायची, "बसा, भात येतोय."

काल मीच गॅसवर एक पापड भाजला. एका बाजूने करपला. तो हातात धरून बसून राहिलो.

"बाबा, खात का नाही?" सुनेने विचारलं.

तिला काय सांगू? आता भात यायचा नाही.