कमरेची कोयती

माघ, १९५३. कल्याणची खाडी. रेतीच्या होडीवर चौघे होतो: होडी हाकणारा तांडेल, तळाची रेती काढायला बुडी मारणारे दोघे भाऊ आणि मी, मुकादम.

तळाशी जुनी जाळी अडकलेली असत, म्हणून बुडी मारणारा कमरेला कोयती ठेवी. धाकट्याने ती पडू नये म्हणून नव्या सुती दोरीने करकचून बांधली.

"अरे, भिजली की गाठ आवळते रे!" थोरला म्हणाला.

"तुझ्यासारखी दर महिन्याला हरवत नाय मी," म्हणत धाकटा हसून खाली गेला.

बराच वेळ तो वर आला नाही. थोरल्याने खाली जाऊन, त्याच्याभोवतीचं जाळं कापून त्याला वर आणलं, तेव्हा तो गेलेला होता. कोयती कमरेलाच होती. गाठीवर त्याची नखं उलटली होती.

उरलेलं जाळं अजून तळाशीच आहे. ते काढायचं आहे, पण तिथे उतरायला कोणी तयार नाही.