हवा कापणारी माणसं

"सगळं चालू आहे बघा साहेब," असं शिंदे मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मला शंकाच आली. चालू कारखान्यात असं कोणी सांगत बसत नाही. तिथे बोललेलं धड ऐकू येत नाही.

नगरच्या एमआयडीसीतला हा गिअर बनवणारा कारखाना. माझं काम व्हॅल्युएशनचं. म्हणजे कारखाना घेणाऱ्याला त्याची खरी अवस्था आणि किंमत सांगायची. घेणारे कोरियन. त्यांचे मिस्टर किम हात मागे बांधून माझ्या शेजारून चालत होते. आमच्याकडे इतक्या शेडना कुलपं लागलीत की परदेशी पाहुणा आला की त्याची बडदास्त जावयासारखी ठेवतात.

शेडमध्ये दोन्ही बाजूंना लेथ फिरत होत्या. प्रत्येकीपुढे इस्त्रीच्या निळ्या शर्टातला माणूस. कोणी हँडल फिरवतोय, कोणी वाकून बघतोय. तरी माझ्या अंगावर काटा आला आणि का ते पटकन कळेना. मग लक्षात आलं, वासच नव्हता. लोखंड कापताना कूलंट सोडतात, दुधासारखं तेलपाणी. त्याचा आंबूस वास कपड्यांतून जाता जात नाही. इथे उदबत्ती दरवळत होती. खाली ट्रेमध्ये लोखंडाचा किस नव्हता. ज्या जबड्यात जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरतात तो चक रिकामा. सगळी माणसं हवा कापत होती.

एका लेथवर सोपानराव उभे होते, खिशावर नाव शिवलेलं. त्यांनी मशिन थांबवलं. मायक्रोमीटर रिकाम्या चकमध्ये धरला, माप घेतलं, समाधानाने मान हलवली आणि मशिन परत सुरू केलं.

"काय मोजताय हो?" मी हळूच विचारलं.

"बोलू नका साहेब." ते माझ्याकडे बघेनात. "कारखाना बंद पडल्यापासनं मी बेलापुरात रसवंतीवर हुतो. मॅनेजरसाहेबांनी निरोप धाडला. चालू दिसला तर फॉरेनवाले घेत्यात, आमी परत कामाला लागतो. एवढं निभावून न्या." मग म्हणाले, "आन् खरं सांगू का, सकाळपासनं हाताला लई बरं वाटतंय."

तेवढ्यात किम जवळ आले. फॅक्टरी रनिंग आहे ना, असं त्यांनी सरळ मलाच विचारलं. शिंदे घाम पुसत होते. सोपानराव आता माझ्याकडे बघत होते. पण खोट्याखाली सही करायची सवय मला नाही.

"मशिन्स रनिंग आहेत," मी म्हणालो. "फॅक्टरी बंद आहे."

किमनी नुसती मान डोलावली. बोलले ते गाडीत.

"बंद आहे हे आम्हाला माहीत होतं. म्हणून तर आलो. नवी मशिन्स आणायची आणि हीच जुनी माणसं घ्यायची, असं ठरलं होतं." त्यांनी मागे वळून शेडकडे पाहिलं. "पण इतके लोक मिळून इतकं बेमालूम नाटक करतात. उद्या यांनी गिअर खरंच तपासला की तपासल्यासारखं केलं, हे मला कसं कळणार?"

शेवटी किमनी गोदामासाठी फक्त जागा आणि शेड घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी शेडची मापं घ्यायला गेलो. मशिन्स फिरवायला आणलेला भाड्याचा जनरेटर परत गेला होता, त्यामुळे सगळीकडे चिडीचूप. दार ढकललं आणि थबकलो. निळे शर्ट आपापल्या जागी उभे होते. सोपानराव रिकामा चक हाताने फिरवत होते.

"सोपानराव, नाही जमलं," मी म्हणालो. "माणसं नकोत त्यांना. फक्त जागा घेतायत."

"व्हय, कळलं सकाळीच." त्यांनी मायक्रोमीटर उघडला. "पर शिफ्ट सुटली न्हाई अजून."

कोणी मान वर केली नाही. मी टेप ओढत गेलो की माणसं बाजूला होत आणि टेप सरकला की पुन्हा जागेवर. भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

आता तिथे गोदाम आहे. बंद कारखान्यांच्या माझ्या प्रत्येक रिपोर्टमध्ये 'शेड रिकामी' असं एक ठरलेलं वाक्य असतं. ते लिहिण्याआधी मी आत जातो आणि मोठ्याने विचारतो, "कोण आहे का?" माझे असिस्टंट हसतात. हसू देत.